कोणाचीच शिफ्ट नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. चरोदा.

आली बाप्पा एकदाची! कुलूप उघडता उघडेना. शेवटी डोक्याच्या तेलाची बाटली काढली, चार थेंब सोडले, तवा कुठं किल्ली फिरली. हे क्वार्टर चिंधूचं. चिंधू माहा धाकटा भाऊ, रेल्वेत पॉइंट्समन, पटऱ्यांचे सांधे बदलते. त्याची बदली डोंगरगडले झाली, तो बायकोपोरं घेऊन तिकडं गेला, पण हे क्वार्टर अजून सोडलं नाही. दोन खोल्या, मागं आंगण, आंगणात पेरू, अन् भिंतीपलीकडं मालगाड्यांचं यार्ड. टीव्ही नाही. फोन मी घरीच यांच्या हातात देऊन आली. 'वाजला तं तुमीच उचलजा,' म्हटलं.

हे खूळ मूळ राहुलचं. त्यानं मोबाइलवर दाखवलं, लोक कुठं डोंगरात एकटे जाऊन राहातेत, फोन काउंटरवर जमा करतेत, कोणाशी बोलत नाहीत, नुसता आराम अन् विचार. अन् त्याचे वरून पैसे देतेत! म्हटलं, 'गुपचूप बसायचे पैसे?' तं म्हणते, 'आई, इसको रिट्रीट बोलते हैं.' माह्या लेकाचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदी होते. मी म्हटलं, मलेही करायचं आहे. सगळे हासले. सून गुंजन तं पोट धरून. मी हासली नाही.

खरं कारण लिहून टाकते, इथं कोण पाहाते. हे डिसेंबरात रिटायर झाले. उभी हयात भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या, आगीसमोर गेली. आता सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागते, अन् यांनी ठरवून टाकलं का गावाले जायचं. तुमसरजवळ आमचं गाव. यांचा भाऊ दोन खोल्या देतो म्हणते. हे भांडले असते तं मीही भांडली असती, त्यात मी काही कमी नाही. पण हे म्हणे, 'तुहं काय म्हणणं आहे ते सांग.' अन् माह्या तोंडातून शब्दच निघेना. राहुल म्हणे रायपूरले या, जाऊ फोनवर म्हणे कधी येता, गुंजन म्हणे आईंना काय आवडते ते करू द्या. आईले काय आवडते ते आईलेच माहीत नाही! म्हणून म्हटलं, रविवारपर्यंत मले एकटं राहू द्या. फोन नाही, भेटायले येणं नाही. रविवारी येऊन सांगते, गावाले का नाही.

हे म्हणे, 'जा.' एवढंच. दगडाले पाझर फुटन, पण या माणसाच्या तोंडातून दुसरा शब्द निघणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगायची लाज वाटते. पहाटे उठली, कणीक मळली, वांग्याची भाजी टाकली, पोळ्या लाटल्या, अन् चिंधूच्या मांडणीवरचा स्टीलचा डबा काढून त्यात भरल्याही. झाकण लावल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अव माय, कोणाचा डबा हा? इथं कोणाची फर्स्ट शिफ्ट आहे?

खाली बसून एकटीच हासली. जित्याची खोड म्हणतेत ती हीच. आमच्या घरी घड्याळ कधी नव्हतंच, शिफ्ट होती. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. हे फर्स्टले असले का मी अंधारात उठे, सेकंडले असले का जेवण उशिरा, अन् नाइट करून आले का दिवसा सारं घर मुकं. पोरगं आजारी असो का पाहुणा येवो, आधी विचारायचं, यांची कोणती शिफ्ट? मग बाकीचं.

आज कोणाचीच शिफ्ट नाही. तं मले जेवायचं कवा हेच समजेना. भूक लागली का जेवावं, हे लहान लेकरालेही समजते, मले समजेना. शेवटी उन्हात आंगणात बसून तोच डबा उघडला. अन् एक गोष्ट कळली. पोळी गार, वातड, भाजीचं तेल पोळीले लागलेलं, वांग्याले कसातरी वास. मी इतकी वर्षं गरम गरम भरून देत होती अन् मले वाटे हे गरमच खातेत! या माणसानं एक डाव नाव ठेवलं नाही. डबा रोज पुसून आणल्यासारखा रिकामा येत होता.

असो. म्हणून का मी गावाले जाऊ?

५ फेब्रुवारी, बुधवार

बाजूच्या क्वार्टरमधे एक पोरगी राहाते. निशा. गोंदियाची, एकटीच. मालगाडीच्या इंजिनात बसते, असिस्टंट लोको पायलट. सकाळी खांद्यावर काळी बॅग घेऊन आली, डोळे लाल, तोंडावर धूळ. मी पाह्यलं अन् मनात म्हटलं, नाइट करून आली लेक. बस्स. माहं अंग आपोआपच कामाले लागलं. बादली आवाज न करता ठेवली. दार हळू लावलं. दुपारी कॉलनीतले पोट्टे बाहेर क्रिकेट खेळून राहिले होते, त्याईच्यावर धावली. 'भागो रे! कोणी झोपलं आहे ना! नाइट ड्यूटीवाल्याच्या दारात खेळतेत का?' पोट्टे पळाले, बॅट माह्या हातात राहिली.

तं निशाचं दार उघडलं. केस पिंजारलेले. म्हणते, 'काकू, त्याईले खेळू द्या ना. शांत झालं का माही झोपच उडते. आमी ड्यूटीवर मुक्कामाले थांबतो त्या रनिंग रूममधे तर रात भर शंटिंग, डब्यांची ठोकाठोकी, चलता है.'

मी काहीतरी म्हटलं. ती म्हणे, 'काय?' मी परत म्हटलं. ती जवळ आली, 'काकू, जरा जोरानं बोला ना. तुमी तं कानातच बोलून राहिल्या.'

मी कुजबुजत होती. पोट्ट्यांवर धावली तेही कुजबुजतच. भरदुपारी, भलतीच्याच दारात उभी राहून मी कुजबुजत होती! सवय इतकी हाडात बसली का आपला आवाज खाली गेला हेही समजलं नाही. यांच्या नाइटचं सारं निशाले सांगतलं. ती हासली नाही. म्हणे, 'काकू, तुमी आराम करायले आल्या ना? मग माह्या झोपेची ड्यूटी कायले करता? तुमची तर सुट्टी आहे.' अन् बॅट घेऊन पोट्ट्यांले देऊन आली.

गजब पोरगी आहे. संध्याकाळी तिनं तांदळाचे चिले, म्हणजे आपले धिरडे, केले, टमाट्याची चटणी, मले बोलवलं. तिच्या खोलीत एक खाट, एक आरसा अन् बूट. तिच्यासाठी कोणी दार हळू लावत नाही, कोणी डबा भरत नाही. अन् तिच्या तोंडावर तक्रार नाही. ड्यूटीचा कॉल आला का अर्ध्या ताटावरून उठते. मी म्हटलं, एकटं वाटत नाही का? म्हणे, 'वाटते ना. फिर सो जाती हूँ.'

तिनं अजून एक सांगतलं. परवा संध्याकाळी एक काका स्कूटरवर आले होते, समोरच्या आंब्याच्या झाडाखाली थांबले. डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नाही. निशाले विचारत होते, या लाइनले पाणी रोज येते का, मागच्या दाराच्या कड्या मजबूत आहेत का, रात्री गार्ड फिरते का. कालही आले होते म्हणे, पण थांबले नाहीत, लाइट जळताना पाह्यला अन् गेले. रेल्वेचा कोणी माणूस असन, क्वार्टर तपासायले. चिंधूले सांगतलं पाहिजे, नाहीतर क्वार्टर हातचं जाईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीच नाही. कंटाळा. हात सारखा उशीखाली जाते, फोन शोधते. राहुल जेवला का, त्याच्या बाळीचं नाक वाहात होतं ते थांबलं का, जावेनं व्हॉट्सअॅपवर काय टाकलं. फोन होता तवा म्हणे हा मेला फोन! आता नाही तं त्याचीच आठवण.

अन् एक राग. इतक्या दिवसात यांनी एक डाव तरी येऊन पाहावं का नाही? येऊ नका म्हटलं होतं, खरं. पण बायको चार कोसांवर एकटी आहे, नवऱ्याचं काळीज हालू नये? सांगतलं का अक्षरशः ऐकून मोकळे.

पेरू खाल्ले. कच्चे होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी निशाले कॉल आला. मी म्हटलं, मी येऊ का पाहाले? म्हणे, 'आत नाही येता येणार काकू, पुलावरून पाहा. सातव्या लाइनवर, कोळशाची रिकामी मालगाडी, डोंगरगडकडं जाईन.'

पुलावर गेली. माय माय, काय तो पसारा! पटऱ्याच पटऱ्या, डबेच डबे, कोणता कुठं जाते काही पत्ता नाही. इतकी वर्षं भिलाईत राहिली अन् हे कधी पाह्यलं नाही. कावून पाहीन? इथून जायचं म्हणजे दुर्गले गाडी बदलून गाव, अन् गावाहून परत. मधे काय आहे ते पाहायले कोणाले वेळ होता.

निशा दिसली. खाकी पँट, हातात हिरवी झेंडी, इंजिनाच्या बाजूनं चालत चालत वाकून चाकाखाली पाहात होती. एवढं थोरलं इंजिन अन् एवढीशी पोरगी. मग शिडीवरून वर चढली, सरसर. मले वाटलं आपलीच लेक चढून राहिली. गाडी हालली तवा मी हाक मारली, 'निशाऽऽ!'

अन् काय आवाज निघाला माहा! मीच दचकली. लहानपणी माह्या आवाजाची हाळी तीन शेतं पलीकडं जायची. बाबा म्हणत, सिंधूले हाक माराले सांगा, माणूस पाठवायची गरज नाही. तो आवाज अजून आत होता, मेला नव्हता. गाडीचा खडखडाट चालला होता, कोण ऐकते! मी अजून ओरडली. 'निशाऽऽ! नीट जाजोऽऽ!' पुलावरून एक माणूस सायकल ढकलत जात होता, त्यानं पाह्यलं. पाहू दे. निशानं खिडकीतून झेंडी दाखवली अन् हॉर्न वाजला. गाडी सुटताना हॉर्न देतेतच, मले माहीत आहे. पण मी तो माहाच धरला.

येताना ठरलं. मले गावाले नाही जायचं. इथंच कुठं दोन खोल्या पाहायच्या, चरोद्यातच, अशा आवाजात. गावाले मी सून आहे, तिथं परत डोक्यावर पदर अन् परत हळू बोलणं. इथं मी सिंधुताई आहे.

ठरलं ते लिहिलं. पण हे म्हणाले, 'ठीक आहे, तू राहा, मी एकटा जातो,' तं? त्यांच्या तोंडून असं निघू शकते, माणूस कमी बोलते पण बोललं का मागं घेत नाही. सदतीस वर्षं शिफ्टमुळं आमी अर्धे अर्धेच भेटलो. आता कुठं पूर्ण माणूस घरी आला. अन् आताच वाटण्या?

८ फेब्रुवारी, शनिवार

उन्हात बसून जुनं आठवत होती. लग्न होऊन आली तवा एकोणीस वर्षांची. हे नाइटले निघाले का मी दाराची कडी लावून रडत बसे. हिंदी येत नव्हती, रात्री आकाश लाल दिसे, वाटे कुठंतरी आग लागली. मी रोज म्हणे, मले गावाले नेऊन द्या, मले गावाले नेऊन द्या. हे काही बोलत नव्हते. एकदा सायकलवर डबलसीट बसवून प्लांटच्या गेटपर्यंत नेलं, लांबून भट्टीचा उजेड दाखवला. म्हणे, 'पाह्य. हे आपलंच आहे. आग नाही, काम आहे.'

मग ममता भेटली, खुर्सीपारची, राशनच्या लाइनमधे. तिनं हिंदी शिकवली, मी तिले पुरणाची पोळी. मग राहुल झाला, शाळा झाली, हळदीकुंकवं झाली. रडणं कवा थांबलं, आठवत नाही. यांले सांगतलंही नाही का आता थांबलं म्हणून. कोण सांगते असं?

यांले गावाचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे. दिवाळीले गेलो तरी तिसऱ्या दिवशी म्हणत, चाल, ड्यूटी आहे. एक डाव तं ड्यूटी नव्हतीच, मागून समजलं. अन् आता म्हणे कायमचं तिथंच. माणसाचं काही सांगता येत नाही.

निशा परत आली. तिले माहा निर्णय सांगतला. म्हणे, 'काकू, काकाजी से पूछा, उनको क्या चाहिए?' म्हटलं, त्याईनं तं ठरवलंच आहे. म्हणे, 'ठरवणं वेगळं, काकू.' पोरगी हुशार आहे, पण लग्न नाही झालं, तिले काय समजते.

९ फेब्रुवारी, रविवार. घरी.

जे झालं ते झालं तसं लिहिते.

निशानं ऑटोत बसवून देलं, पाया पडली, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रस्ताभर मनात वाक्य घोकलं. 'मी गावाले येत नाही. तुमी रागावले तरी नाही.' घरी पोचली तं यांची स्कूटर दारात उभी, हेल्मेट तिच्यावर, अन् दाराले कुलूप! ममता बाजूलेच राहाते आता, ती धावत आली. म्हणे, 'भाभी, भैया तो बुधवार को गाँव चले गए. चाबी मेरे पास है.'

मी रविवारी सांगते म्हटलं अन् हे बुधवारीच गेले? माह्या उत्तराची वाट नाही पाह्यली? दोन खोल्या ताब्यात घ्यायले गेले असन, चुना मारायले गेले असन. मी पायरीवरच बसली. किल्ली घेतली नाही. ममतानं चहा आणला, तो गार झाला. इतका राग आला अन् रागाच्या खाली इतकी भीती, का रडायलेही आलं नाही.

दुपार कलली तवा हे आले. खांद्यावर झोळा, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. मले पायरीवर पाहून थबकले.

मी तोंड उघडणार, तं हेच म्हणे, 'खोल्या चांगल्या आहेत. कोरड्या. तुहा गॅस कुठं बसन ते पाहून आलो.'

मी म्हटलं, 'अन् मंग?'

हे पायरीवर माह्या बाजूले बसले. झोळा खाली ठेवला. मग म्हणे, 'भाऊ चांगला, वहिनीही चांगली. पण खुर्ची पुसून देते. मी खाली बसतो म्हटलं तं बसू देत नाही. लेकरं बाहेर जाऊन सांगतेत, भिलाईचे पाहुणे आले. सकाळी पारावर गेलो, तिथं म्हणे, या पाहुणे. माह्याच गावात. असो. होईन सवय. कोक ओव्हनची झाली, याचीही होईन. तू म्हणशीन तवा सामान बांधू.'

'मी? मी कावून म्हणीन?'

हे माह्याकडं वळले. म्हणे, 'अवो, तुलेच जायचं होतं ना? लग्न झालं त्या साली. मी नाइटले निघालो का तू रडे, गावाले न्या, गावाले न्या. मी तवा काय करणार होतो, नोकरी होती. पण मनात म्हटलं होतं, रिटायर झालो का पहिलं काम हे.'

'तुमी मले हे सांगतलं कधी?'

'सांगायचं काय त्यात. करायचं होतं.'

अव माय! मी ओरडली का काय, ममता परत धावत आली, 'क्या हुआ, क्या हुआ?' काय सांगू तिले काय झालं? या माणसानं सदतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून एका रडणाऱ्या पोरीचं ऐकलं अन् जपून ठेवलं, अन् ती पोरगी कवाच मोठी झाली, हिंदी शिकली, इथलीच झाली. मी म्हणे यांनी मले न विचारताच ठरवलं. अन् हे माहंच ऐकून, स्वतःले पाहुणा व्हायले निघाले होते. असा नवरा कोणाले भेटते? अन् अशी बिनडोक बायको?

रडली मी, तिथंच, पायरीवर, जोरानं. हे घाबरले. झोळ्यातून गमछा काढून देला.

मग म्हटलं, 'मले गावाले नाही जायचं.'

'नाही?'

'नाही. तुमी त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं लय ऐकलं. आता माहं ऐका.'

यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले, भिंतीले टेकून बसले. अन् म्हणे, 'बोल.'